आजारी: शून्य

४ मार्च, मंगळवार

चि. धाकट्या,

करार झाला. नऊ वेळा टाइप केला मी तो, त्यामुळे तोंडपाठ आहे. सकाळी अकराला बसलेली माणसं संध्याकाळी सहाला उठली. एका बाजूला कारखान्याच्या मालकांचे तिघे, समोर तुमच्या युनियनचे मोठे पुढारी, मधे आमच्या कामगार खात्याचे सेक्रेटरीसाहेब, आणि कोपऱ्यात टाइपरायटरमागे तुझी बहीण. बावीस वर्षांच्या नोकरीत या तिन्ही बाजूंना एकमेकांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेताना मी पहिल्यांदा पाहिलं. साथीच्या तापाने एवढं तरी केलं.

तुमची भट्टी चालू राहणार. ती विझली तर आतली काच गोठून भट्टीच निकामी होते असं मालक म्हणाले, आणि औषधाच्या बाटल्या तुमच्याशिवाय कुठून आणायच्या असं आम्ही म्हणालो. त्यासाठी तुम्ही सगळ्यांनी साथ ओसरेपर्यंत आवारातल्या बराकीतच राहायचं. काच फुंकणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची पितळी तोटी मिळेल. ती लावल्याशिवाय फुंकणीला तोंड लावायचं नाही. सरकारकडून एक डॉक्टर, दोन नर्स, ऑक्सिजनची दोन सिलिंडरं. ज्याला ताप येईल त्याने नाव सांगून आजाऱ्यांच्या वेगळ्या खोलीत जायचं, पगार पूर्ण चालू. आणि आजारी पडला म्हणून कुणालाही कामावरून काढता येणार नाही. हे शेवटचं कलम तुमच्या पुढाऱ्यांनी मागितलं, मालकांनी दोनदा खोडलं, आणि मी तिसऱ्यांदा टाइप करून ठेवलं तेव्हा कंटाळून मान्य केलं.

दर आठवड्याला आजाऱ्यांचा तक्ता येईल. मॅनेजर, आमचा तिथला अधिकारी आणि युनियनचा चिटणीस म्हणून तू, अशा तिघांच्या सह्या. तो माझ्याच टेबलावर येणार आहे, तेव्हा अक्षर नीट काढ.

फुग्याकडे लक्ष ठेव. पंचवीस वर्षांचा घोडा झाला तरी मामा रागावल्याशिवाय जेवत नाही. हे गेल्यापासून मला तेवढा एकच आहे, हे तुला सांगायला नको.

तुझी
ताई


१५ मार्च, शनिवार

ती. ताईस,

शि. सा. न. पत्र बाटल्यांच्या गाडीबरोबर पाठवतो आहे. गाडी दर शनिवारी निघते, सोमवारी तुमच्याकडे पोचते आणि शुक्रवारी परत येते. तूही तिच्याच ड्रायव्हरकडे देत जा. फोन इथे एकच, तोही मॅनेजरच्या टेबलावर. तिथे उभं राहून बोललेलं सगळ्या ऑफिसला पाठ होतं.

तोट्या आल्या. पहिल्या दिवशी आमच्या उस्तादांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाले, "चाळीस वर्षं बायकोपेक्षा जास्त या फुंकणीला तोंड लावलं, आता मधे ही पितळेची सासू कशाला?" दोन तास हसण्यात कुणाला धड काम सुचलं नाही. तिसऱ्या दिवसापासून मात्र सगळे निमूट लावतात. भट्टीभोवती फुंकणाऱ्यांच्या टोळ्या जिथे उभ्या राहतात त्या प्रत्येक ओट्यावर मी जाऊन बघतो. डॉक्टर माणूस बरा आहे, तरुण आहे, जेवायला आमच्यातच बसतो.

फुग्या मजेत. पाच जणांच्या ओट्यावर सर्वांत जोरदार फुंक त्याची. लहानपणी रुसून गाल फुगवायचा त्याचा आता उपयोग होतो आहे. बराकीत माझ्या शेजारची खाट त्याची. घोरतो.

पहिला तक्ता सोबत आहे. अक्षर बघ, आजारी: शून्य.

तुझा
धाकटा


२५ मार्च, मंगळवार

चि. धाकट्या,

दोन्ही तक्ते मिळाले. आज बैठकीत सेक्रेटरीसाहेबांनी ते हातात धरून दाखवले. तीनशे दहा माणसं, दोन आठवडे, आजारी एकही नाही. मालकांचे प्रतिनिधी म्हणाले की ही शिस्त आमची. तुमचे पुढारी म्हणाले, ही एकजूट आमची. साहेब म्हणाले की करार आमचा. चहा आला, बिस्किटं आली. मलाही कोपऱ्यात एक बशी मिळाली आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

बाकी ठिकाणी हाल आहेत. नदीपलीकडच्या सूतगिरणीत सत्तेचाळीस आजारी आणि त्यांना डॉक्टरच नाही. तिथले लोक रोज फोन करून रडतात. आज कुणीतरी विषय काढला की काचेच्या कारखान्यातला डॉक्टर नुसता बसून आहे, तो तिकडे का पाठवू नये. पुढच्या मंगळवारी ठरेल. मला त्यावर टिपण तयार करायला सांगितलं आहे.

म्हणून तुला एक विचारते, रागावू नकोस. बाबांना कावीळ झाली तेव्हा मी सात वर्षांची होते, तू पाळण्यात. तेवीस दिवस ते अंथरुणावर होते आणि गेटजवळच्या फळीवर, त्यांच्या नंबरच्या खिळ्याला, त्यांचा बिल्ला रोज सकाळी लटकत होता. मुकादम माणसं मोजत नाही, बिल्ले मोजतो, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या वाटच्या बाटल्या ओट्यावरच्या चौघांनी फुंकल्या. बरे झाल्यावर बाबांनी ती रीत कारखानाभर पसरवली. आपण त्या बिल्ल्यावर वाढलो, मी विसरलेले नाही. पण तेव्हा आजारी माणसाला ऑफिसापासून लपवावं लागत होतं. आता तसं नाही, करारात लिहिलं आहे.

शून्य म्हणजे शून्यच ना? एका ओळीत कळव.

ताई


२९ मार्च, शनिवार

ती. ताईस,

शि. सा. न. तू टेबलावर बसून करार टाइप करतेस, आम्ही त्याच्याखाली राहतो. पाच वर्षांपूर्वी छातीच्या तपासणीची यादी केली होती, तेव्हाही "नुसती नोंद आहे" असंच सांगितलं होतं. सहा महिन्यांत त्या यादीतल्या चाळीस जणांना घरी बसवलं. त्यातला एक अजून गेटसमोर पंक्चर काढतो. साथीआधी माणसं रोज त्याच्यासमोरून कामावर यायची. त्यांना कलम वाचून दाखवलं तर ती गेटकडे बोट दाखवतात.

फळी रोज भरलेली असते. मॅनेजर फळी बघतो, अधिकारी फळी बघतो, मी सही करतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तक्त्यात आहे.

पण डॉक्टर हलवू नका. नुसता बसून असला तरी असू दे. माणसांना धीर वाटतो. हे बैठकीत सांग, माझ्या नावाने सांगितलंस तरी चालेल.

फुग्याला जरा पडसं झालं आहे. काळजीचं काही नाही. पत्र लिही म्हणून मागे लागलो तर म्हणतो, मामा, तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे.

तुझा
धाकटा


२ एप्रिल, बुधवार

चि. धाकट्या,

गाडी नाक्यावर दोन दिवस अडकली होती. तुझं पत्र आज दुपारी हाती आलं आणि बैठक काल झाली. डॉक्टर, दोन्ही नर्स आणि सिलिंडरं उद्या सूतगिरणीत जातील. टिपण माझंच होतं. हातातले दोन तक्ते जोडले, तिसऱ्याचा आकडा तुमच्या मॅनेजरने फोनवर सांगितला, आणि खाली लिहिलं, "सलग तीन आठवडे रुग्णसंख्या शून्य." तिन्ही बाजूंनी एकमताने मान्य केलं. तुमचे पुढारी तर म्हणाले की हा कामगारांचा कामगारांसाठी त्याग आहे.

तुझ्या पत्राने मी चिडले, ते लिहूनच टाकते. एका ओळीचं उत्तर मागितलं तर तू मला पंक्चरवाल्याची गोष्ट सांगतोस. शून्य असेल तर डॉक्टर कशाला हवा? आणि हवा असेल तर शून्य कसं? धीर तुम्ही एकमेकांना द्या, पलीकडे सहा माणसं गेली आहेत.

फुग्याला गरम पाणी पाज आणि चार दिवस फुंकायला लावू नकोस. पडसं आहे ना नुसतं?

ताई


५ एप्रिल, शनिवार

ताई,

पडसं नाही. आज बारावा दिवस आहे. ताप उतरत नाही आणि कालपासून दोन वाक्यं बोलला की धाप लागते. तो एकटा नाही. बराकीत एकतीस आहेत. पहिला आठवडा खरंच शून्य होता, तुझ्या गळ्याची शपथ. दुसऱ्या आठवड्यात उस्ताद पडले. त्यांच्या ओट्यावरच्यांनी कुणाला न विचारता त्यांचा बिल्ला लटकवला, नेहमीसारखा. मी पाहिला. मी त्याच सकाळी तो उतरवायला हवा होता. पण ज्या माणसाने ही रीत घातली त्याचा मुलगा फळीवरून बिल्ला कसा उतरवणार? माझा हात वर गेला नाही. मग दुसरा, मग पाचवा. आजाऱ्यांच्या खोलीत एकही जण गेला नाही. डॉक्टर बिचारा रोज तिथल्या कोऱ्या चादरी बघून परत यायचा, बराकीकडे त्याला कुणी बोलावलं नाही.

आजारी बराकीतच, बाकीच्यांच्या मधे झोपून आहेत. आणि जे उभे आहेत ते स्वतःचं काम करून आजाऱ्याच्या वाटचंही फुंकतात. इतक्या घाईत तोटी बदलायला कुणाला वेळ आहे? शून्य मात्र सगळ्यांना आवडलं. मॅनेजरने मला खुर्ची दिली बसायला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अधिकाऱ्याने बराकीच्या दारात पाय ठेवला नाही.

डॉक्टर परत पाठव. सिलिंडरं आधी पाठव. आकडा सांग, पण नावं विचारू नकोस, आणि कुणी कळवलं तेही सांगू नकोस. निनावी पत्र आलं म्हण. ऑफिसला माणूस दिला असं या घराबद्दल कुणी म्हणायला नको.

धाकटा


७ एप्रिल, सोमवार

धाकट्या,

तुझं पत्र सकाळी साडेनऊला मिळालं. शनिवारी लिहिलंस. फोनपासून शंभर पावलांवर बसून लिहिलंस आणि गाडीच्या ड्रायव्हरकडे दिलंस. मॅनेजरला ऐकू गेलं असतं म्हणून. माझ्या पोराचे दोन दिवस तू त्या गाडीत घातलेस.

मी लगेच तुमच्या मॅनेजरला फोन लावला. एकतीस आजारी आहेत, त्यांना वेगळ्या खोलीत हलवा, असं सांगितलं. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, "बाई, कोण आजारी? एक नाव सांगा." माझ्याकडे एकच नाव होतं, ते मी सांगितलं. तो म्हणाला मुकादमाला पाठवून बघतो. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला, की तुमचा मुलगा खाटेवर बसून चहा पितो आहे, आणि तक्त्यावर आपल्याच खात्याची सही आहे.

मग मी सेक्रेटरीसाहेबांपुढे तुझं पत्र ठेवलं. निनावी म्हणून नाही. हा माझा भाऊ, हा युनियनचा चिटणीस, याने दोन खोट्या सह्या केल्या आणि त्या सह्यांवर विसंबून डॉक्टर हलवण्याचं टिपण मी लिहिलं, असं सांगितलं. साहेबांनी माझ्यासमोर सूतगिरणीला फोन केला. डॉक्टर एक सिलिंडर तिथे ठेवून एक घेऊन निघतो आहे. त्याला इकडून औषधं न्यायची आहेत, त्याच जीपमधून हे पत्र देते. रस्त्यात चार नाके आहेत. उद्या दुपारपर्यंत पोचेल.

मी ऑफिसला माणूस दिला. तुला जे म्हणायचं असेल ते नंतर म्हण. आत्ता फुग्याजवळ बस आणि त्याला सांग की आई यायला निघाली होती पण नाक्यावर पास देत नाहीत.

ताई


१० एप्रिल, गुरुवार

ती. ताईस,

डॉक्टरांनी तुला फोनवर सांगितलंच आहे. मंगळवारी सकाळी सातला गेला, पाळीची घंटा होत होती तेव्हा. जीप तीनला आली. शेवटचं सगळं मी केलं. आवारातच, भिंतीकडेच्या झाडाखाली, बाहेर नेऊ दिलं नाही.

तुला एक सांगायचं राहिलं आहे आणि ते माझ्याशिवाय दुसरं कुणी सांगणार नाही. सोमवारी मुकादम बराकीत येतो आहे असं कळल्यावर फुग्याच्या ओट्यावरचे चौघे धावत आले. त्यांनी त्याला उचलून बसवला, पाठीला वळकटी लावली, हातात कप दिला. मुकादमाने दारातून विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?" फुग्याने मान हलवली, हसलासुद्धा. मुकादम गेल्यावर कप हातातून पडला. ताई, मी त्याच खोलीत उभा होतो. मी मुकादमाला हाक मारली नाही. त्या चौघांनी त्याच्यावर प्रेम केलं ते असं, आणि मी बघत राहिलो.

मंगळवारी त्याला पांढऱ्या चादरीत ठेवून मी गेटकडे गेलो. फळीवर त्याचा बिल्ला लटकत होता. चौघांनी घंटेआधीच लावला होता, त्यांना कळलं नव्हतं. मुकादम हजेरी लिहून गेलाही होता. मी बिल्ला उतरवला. माझ्यामागे पाळीची माणसं उभी होती. मग उस्तादांचा थोरला मुलगा पुढे आला आणि त्याने बापाचा बिल्ला उतरवला. मग एकेक जण येत गेला. डॉक्टर आला तेव्हा तीस माणसं वेगळ्या खोलीत होती, नावानिशी. उस्ताद काल गेले, बाकीच्यांचं चाललं आहे. सिलिंडर एक आणि माणसं चार, असं डॉक्टर काल दिवसभर करत होता.

मॅनेजर आणि अधिकारी दोघांनी लिहून दिलं आहे की युनियनने त्यांची दिशाभूल केली. ते खरंच आहे, म्हणून मीही खाली सही केली. चिटणीसपद सोडलं. चौकशी लागेल. तू माझं नाव सांगितलंस याबद्दल माझ्या मनात काही नाही. शनिवारी मीच ते फोनवर सांगितलं असतं तर तुला सांगावं लागलं नसतं.

माझ्याकडून पत्राची अपेक्षा नसेल तर तसं कळव.

धाकटा


१६ एप्रिल, बुधवार

धाकट्या,

गेल्या आठवड्याचा तक्ता सोमवारी आला, आणि या वेळी साहेबांनी मागितली म्हणून सोबत हजेरीची प्रतही. मला घरी जा म्हणाले होते, मी गेले नाही. घरी काय आहे?

फुग्याचा नंबर सापडायला वेळ लागला नाही. शनिवार हजर, बाटल्या पूर्ण. रविवार सुट्टी. सोमवार हजर, बाटल्या पूर्ण. मंगळवार हजर. मंगळवारी सकाळी सव्वासातची वेळ आहे समोर, मुकादमाच्या सुबक अक्षरात. माझा मुलगा पंधरा मिनिटांपूर्वी गेलेला आणि कामावर हजर. खाली मॅनेजरची आणि आमच्या अधिकाऱ्याची सही. मी ते पान पुढ्यात घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे, शेजारच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

काल बैठक झाली. सगळे दोष द्यायला तयार होऊन आले होते आणि तिघांनाही तूच सोयीचा होतास. मी टाइपरायटरमागून उठून बोलायची परवानगी मागितली. माझं टिपण मी मोठ्याने वाचलं, "सलग तीन आठवडे रुग्णसंख्या शून्य," आणि म्हणाले की खोट्या शून्यावर माझ्या भावाची एक सही आहे, पण बराकीत न जाता केलेल्या सह्या दोन आहेत आणि उत्तराची वाट न बघता लिहिलेलं टिपण एक आहे. माझ्या मनात शंका होती. मी तुला विचारलं, पण तुझं पत्र यायच्या आत मी टिपण देऊन मोकळी झाले. हे इतिवृत्तात घ्या, असं सांगितलं. मालकांचे प्रतिनिधी खिडकीबाहेर बघत होते. तुमचे पुढारी चष्मा पुसत बसले.

दोन गोष्टी ठरल्या. मोजणी फळीवर होणार नाही, रोज सकाळी तिघेही बराकीत जाऊन माणसं बघतील. आणि आजाऱ्याचं नाव फक्त डॉक्टरकडे राहील, ऑफिसला आकडा जाईल. हे दुसरं कलम पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. बावीस वर्षं कागद करते आहे मी, बाबांची मुलगी आहे, आणि मला ते सुचलं नाही.

तुला माफ केलेलं नाही. करेन असंही लिहीत नाही. तू त्या खोलीत उभा होतास हे मला रोज दिसतं. पण पत्र लिहीत जा, कारण फुग्याबद्दल बोलायला मला दुसरं कुणी नाही. तो शेवटी काय बोलला ते सविस्तर लिही. मला बरं वाटेल असं काही घालू नकोस, जे बोलला तेच लिही.

त्या चौघांना सांग, मी त्यांच्यावर रागावलेली नाही. त्यांच्यासारख्याच चौघांनी तेवीस दिवस बाबांना फळीवर हजर ठेवलं होतं.

बिल्ला पाठव. हजेरीचं पान फाइलला लावायच्या आधी मी लाल शाईचं पेन घेतलं आणि मंगळवारपुढचं "हजर" खोडून तिथे "गैरहजर" लिहिलं, खाली माझी सही केली. दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही हा नियम मी आजवर मोडला नव्हता.

ताई